घरबसल्या प्रोग्रॅमिंग शिकायचं, तर कोर्स कशावरून निवडावा?

कोरी_वही (धागा)
प्रोग्रॅमिंगचा ओ की ठो माहीत नाही, घरूनच शिकायचंय, कुठला कोर्स घेऊ? हा प्रश्न मला वरचेवर विचारला जातो. माझं उत्तर ठरलेलं आहे. व्हिडिओ किती तासांचे, प्रमाणपत्र मिळतं का, हे नंतर बघा. आधी विचारा, मी लिहिलेला कोड तपासणार कोण?

हेलसिंकी विद्यापीठाचा पायथॉन या प्रोग्रॅमिंग भाषेचा मोफत ऑनलाइन कोर्स मला याच कारणासाठी आवडतो. एकूण १४ भाग, त्यातले पहिले ७ नवख्यांसाठी. थोडं वाचायचं की लगेच सोडवायला स्वाध्याय, आणि उत्तर बरोबर की चूक ते तिथल्या तिथे कळतं. हार्वर्ड विद्यापीठाच्या सीएस५० या मोफत ऑनलाइन कोर्समध्येही आपला कोड आपोआप तपासून मिळतो. एवढं फुकट मिळत असताना नवख्याने पैसे भरून लाइव्ह क्लास लावू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

अर्धविराम
साफ असहमत. मी नवख्यांना शिकवते, त्यामुळे रोज बघते ते सांगते. एका विद्यार्थिनीला यादीतल्या आकड्यांची बेरीज करणारं फंक्शन, म्हणजे एक ठरलेलं काम करणारा कोडचा तुकडा, लिहायचं होतं. यादीत १ ते ५. तपासणी सांगत होती, 'अपेक्षित १५, मिळाले १'. दोन संध्याकाळी ती त्या ओळीकडे बघत बसली आणि शेवटी 'हे माझ्या डोक्याबाहेरचं आहे' म्हणून सोडायला निघाली. मी तिला फक्त कोड मोठ्याने वाचायला लावला. शेवटच्या ओळीवर तीच थांबली. 'रिटर्न', म्हणजे उत्तर देऊन फंक्शन संपवणारी आज्ञा, चार जागा आत सरकलं होतं, लूपच्या (तीच कृती प्रत्येक आकड्यासाठी पुन्हा करणाऱ्या भागाच्या) पोटात. त्यामुळे पहिला आकडा मिळवला की फंक्शन तिथेच संपत होतं.

यंत्राने चूक दाखवली होती, खोटं काही नव्हतं. पण चूक आहे हे कळणं वेगळं आणि ती शोधायची कशी हे कळणं वेगळं. हे दुसरं माणूसच शिकवतो. मोफत ऑनलाइन कोर्सला नाव घालणाऱ्यांपैकी बहुतेक जण शेवटपर्यंत पोचत नाहीत. ते आळशी असतात असं मला अजिबात वाटत नाही. अडतात तेव्हा शेजारी कोणी नसतं.

रात्रपाळी
ताई, तुमची विद्यार्थिनी भाग्यवान. माझ्या पाळ्या बदलत्या आहेत, ठरलेल्या वेळेचा वर्ग मला कधीच जमणार नाही. मी अगदी याच जातीच्या चुकीत अडकलो होतो. 'पायथॉन ट्यूटर' या मोफत साधनात कोड टाकला आणि एकेक पाऊल पुढे गेलो. कुठल्या क्षणी कुठल्या व्हेरिएबलमध्ये (किंमत साठवणाऱ्या नावात) काय आहे, ते चित्रासारखं समोर दिसतं. लूप पहिल्याच फेरीत तुटला, तो डोळ्यांनी पाहिला. पहाटे चारला कुठला शिक्षक भेटणार होता?

अर्धविराम
साधन उत्तमच आहे, मीही वापरते. पण ते असतं हे तुम्हाला कुणीतरी सांगितलं असेल ना? ते 'कुणीतरी' हवं, एवढंच माझं म्हणणं. लाइव्ह वर्गच हवा असा हट्ट नाही. एक्झरसिझम या सरावाच्या वेबसाइटवर स्वयंसेवक मार्गदर्शक कोड वाचून मोफत अभिप्राय देतात, तेही चालेल.

पहिलं_पान
मी अगदीच नवीन. सीएस५० की हेलसिंकी? आणि अडलं की चॅटजीपीटीला विचारलं तर?

रात्रपाळी
सीएस५० स्क्रॅचने (ठोकळे जोडून प्रोग्रॅम बनवायची सोपी भाषा) सुरू होतो, मग बरेच आठवडे सी भाषा, पायथॉन त्यानंतर. संगणक आतून कसा चालतो ते छान कळतं, पण चढ खडा आहे. फक्त पायथॉन हवं असेल तर हेलसिंकी घ्या.

चॅटजीपीटीकडून तयार उत्तर मात्र घेऊ नका. सीएस५० च्या नियमांत ते बसतही नाही. त्यांनी २०२३ मध्ये स्वतःचं एआय 'बदक', म्हणजे प्रश्न विचारायचा मदतनीस चॅटबॉट, आणलं. ते उत्तर हातात ठेवत नाही, इशारे देतं.

कोरी_वही
अर्धविराम, रिटर्नचा किस्सा वाचून माझ्या म्हणण्यात दुरुस्ती करतो. तपासणी हवीच, आणि अडल्यावर विचारायला एक जागाही हवी. पैसे भरण्याबद्दलचं मत मात्र बदललेलं नाही. पहिलं_पान, हेलसिंकीचे पहिले दोन भाग करा आणि जिथे अडाल तो कोड इथेच टाका. मी रोज रात्री बघतो.

अर्धविराम
मीही बघेन. पण कोडसोबत तो चुकतोय कुठे असं तुम्हाला वाटतं, तेही लिहा.