मदत हवी आहे: घरून ईसीजी मॉनिटरिंग, आता बदल हवाय

पुण्यात घरूनच अमेरिकेतल्या पेशंटचे होल्टर (अंगावर लावून दिवसभर ईसीजी नोंदवणारं यंत्र) रिपोर्ट बघते. शिफ्ट कायम रात्रीची. पगार वेळेवर होतो, तक्रार ती नाही. पण एट्रिअल फिब्रिलेशन (हृदयाचे अनियमित ठोके) आहे की पेशंट हलल्यामुळे आलेला आर्टिफॅक्ट (खोटी नोंद), हे ठरवायला ईसीजीची पट्टी नीट बघावी लागते. टार्गेट असं की तेवढा वेळच मिळत नाही. ऑडिटमध्ये मार्क मात्र आमचेच कापतात! टीम लीडशी बोलले, एचआरला मेल केला. ‘बघू’च्या पुढे गाडी सरकत नाही.

बीएस्सी कार्डिअॅक टेक्नॉलॉजी झालंय. बाँड नाही, नोटीस दोन महिन्यांची. पुणे सोडता येणार नाही. सीसीआय या अमेरिकन संस्थेची सीआरएटी (हृदयाची लय तपासणाऱ्या टेक्निशियनची) परीक्षा द्यावी म्हणतेय, पण फी डॉलरमध्ये. इथल्या कॅथ लॅबमध्ये (अँजिओग्राफी होते तिथे) नोकरीवर घेताना ती कुणी विचारात घेतं का, की फक्त प्रत्यक्ष लॅबचा अनुभवच बघतात?