ल फोर्ट वन (वरचा जबडा कापून सरकवण्याची शस्त्रक्रिया): डाउनफ्रॅक्चरच्या, म्हणजे कापलेला जबडा खाली उतरवून सोडवण्याच्या, वेळचा रक्तस्राव कसा आवरायचा?

भूलतज्ज्ञ_लातूर: मुलगी २१ वर्षांची, वजन ५० किलो, हिमोग्लोबिन १२. ल फोर्ट वन आणि खालच्या जबड्याची सॅजिटल स्प्लिट (हाड उभं दुभागून सरकवणं) एकाच बैठकीत आहे. बाहेरचं रक्त द्यावं लागू नये अशी इच्छा आहे. रक्तदाब किती उतरवू? ट्रॅनेक्झामिक (रक्तस्राव कमी करणारं औषध) कधी देऊ?

शिरा_धमनी: ट्रॅनेक्झामिक चिरेच्या आधी, किलोला १० ते १५ मिग्रॅ, हिला ५०० ते ७५०. दहा मिनिटं लावून सोडा, भरभर ढकललं तर दाब कोसळतो. झटके किंवा गुठळ्या होऊन गेल्या असतील तर टाळा. डोकं १५ अंश वर. मीन (सरासरी रक्तदाब) ६० ते ६५ मिमी पारा, तेही रुग्ण धडधाकट असेल तर आणि फक्त वरचा जबडा कापून सुटेपर्यंत. दाब मोजणारा ट्रान्सड्यूसर कानाच्या पातळीला लावा. तो हृदयापाशी ठेवला आणि डोकं १३ सेंमी वर असलं, तर मेंदूला दाखवल्यापेक्षा सुमारे १० कमी मिळतात. टाक्यांआधी दाब पूर्ववत करून जखम बघायला लावा.

जबडा_सर्जन: दाब उतरवून झिरपणं कमी होतं, तुटलेली धमनी मिटत नाही. ॲड्रिनलिन १:२,००,००० घातलेलं लिग्नोकेन टोचून सात ते दहा मिनिटं थांबा. घाईत हेच हमखास राहतं. सायनसची आतली भिंत कापताना नाकपुडीच्या हाडाच्या कडेपासून स्त्रियांत ३० मिमी, पुरुषांत ३५ मिमी, त्यापुढे ऑस्टिओटोम (हाड कापायची छिन्नी) नको. पुढे डिसेंडिंग पॅलाटाइन धमनी आहे. टेरिगॉइडला (वरच्या जबड्यामागच्या हाडाला) वाकडा ऑस्टिओटोम, टोक आत आणि खाली, दुसऱ्या हाताचं बोट टाळूवर हॅम्युलसपाशी (त्याच हाडाच्या आकड्यासारख्या टोकापाशी). मॅक्झिलरी धमनी जबडा आणि टेरिगॉइडच्या सांध्याच्या खालच्या टोकापासून जेमतेम २५ मिमी वर असते, म्हणून पातं वर चढता कामा नये. जबडा बोटांच्या जोरानं उतरत नसेल तर काप कुठेतरी अपुरा आहे, रेटू नका.
रक्त उसळलं तर आधी डाउनफ्रॅक्चर पुरं करा, त्याशिवाय जागा दिसतच नाही. काळपट आणि संथ असेल तर शिरांचं जाळं: ऑक्सिडाइज्ड सेल्युलोज (रक्त थांबवणारी विरघळणारी जाळी) आणि पाच मिनिटं घट्ट पॅक. लालभडक, ठोक्यागणिक उडतंय तर क्लिप.

ओटी_सिस्टर: मॅडम, हिशेब आधीच फळ्यावर लिहा: ५० किलो × किलोला ६५ मिली = ३,२५० मिली रक्त; हिमोग्लोबिन ८ पर्यंत चालवायचं तर ३,२५० × ४ ÷ १२, म्हणजे सुमारे १,०८० मिली जाईपर्यंत चालेल. सक्शनच्या बाटलीतून धुण्याचं सलाईन वजा करा, भिजलेले मॉप तोला. एक ग्रॅम म्हणजे साधारण एक मिली. ग्रुप आणि स्क्रीन (रक्तगट आणि प्रतिपिंडांची तपासणी) करून ठेवाच. घशातला पॅकही त्याच फळ्यावर लिहा, काढायचा राहू नये.

जबडा_सर्जन: आणि घरी सोडताना सांगा, पहिल्या दोन आठवड्यांत नाकातून ताजं रक्त आलं, थांबलं तरी लगेच यायचं. स्यूडोॲन्युरिझम (धमनीला इजा होऊन तयार झालेला रक्ताचा फुगा) असू शकतो. नुसता पॅक घालून परत पाठवू नका, अँजिओग्राफी करून गरज पडल्यास एम्बोलायझेशन (धमनी आतून बंद करणं).