होमलोनच्या आधी ईएमआयवर फ्रिज घेतला तर सिबिल किती हलेल?

बेसा_पिपळा: दोन महिन्यांत होमलोनची फाइल टाकायची आहे. सिबिल ७६२. घरचा फ्रिज गेला. सीताबर्डीत ३६,००० चा पाहिला, नो कॉस्ट ईएमआय, १२ हप्ते. दुकानदार म्हणून राहिला की सिबिलला काही होत नाही. खरं का? आणि ॲपवर रोज स्कोअर पाहिल्यानं तो उतरतो का?

हिशेबनीस: स्वतः पाहिलेलं धरत नाहीत, रोज पाहा. अर्जावर बँक किंवा फायनान्स कंपनी रिपोर्ट काढते, ती एन्क्वायरी मात्र नोंदली जाते: कोणी काढली, तारीख, कशासाठी, किती रकमेसाठी. मंजूर झालं की नाही, हे तिथे नसतं. म्हणून ओळीनं चार एन्क्वायऱ्या आणि नवं खातं एकही नाही असं दिसलं की बँकवाला समजतो, चौघांनीही परत पाठवलं.

दुकानदार चूक सांगतोय. या ईएमआयनं 'कन्झ्युमर लोन' म्हणून वेगळं कर्जखातंच उघडतं. आणि खाती जितकी जुनी तितका स्कोअर बरा. समजा तुमची दोन खाती आहेत, एक ६ वर्षांचं, एक ४ वर्षांचं. सरासरी वय ५ वर्षं. नवं आलं की ३ वर्षं ४ महिने. एन्क्वायरीचा फटका त्यामानानं किरकोळ, एकच असेल तर. पण एका कंपनीत बसलं नाही की काउंटरवरचा पोरगा टॅबवर दुसरीत टाकतो. ओटीपीचा मेसेज पूर्ण वाचा, मगच आकडा सांगा. बहुतेकदा तीच रिपोर्ट काढायची संमती असते.

वर्धारोड_४४: भाऊ, स्कोअरपेक्षा हप्ता पाहा. ३,००० महिना बँक तुमच्या पात्रतेतून कापते. ८.५ टक्के, २० वर्षं धरली तर लाखाला साधारण ८६८ रुपये हप्ता बसतो. म्हणजे एका फ्रिजपायी होमलोन जवळपास साडेतीन लाखांनी कमी! मोजकेच हप्ते उरले असले तर काही बँका सोडून देतात, पण तुमचे तेव्हा १० उरतील.

हातातल्या क्रेडिट कार्डवर ईएमआय केला तर नवं खातं उघडत नाही, लिमिट अडकते. लाखाच्या लिमिटवर ३६ टक्के वापर दिसेल. ३० च्या आत बरा. हप्ता तिथेही मोजू शकतात.

हिशेबनीस: होमलोनच्या एजंटलाही आधीच सांगून ठेवा, फाइल पाच बँकांत फिरवू नको म्हणून. दर आधी तोंडी विचारा, अर्ज एकदोन ठिकाणीच. अनोळखी एन्क्वायरी दिसली तर ब्युरोकडे, म्हणजे सिबिलसारख्या रिपोर्ट ठेवणाऱ्या कंपनीकडे, तक्रार टाका. ३० दिवसांत निकाल लागला नाही तर पुढे दिवसाला १०० रुपये भरपाई मिळते. ब्युरो चार आहेत. प्रत्येकाकडून वर्षाला एक पूर्ण रिपोर्ट फुकट मिळतो, फाइल टाकण्याआधी चारही काढा.

बेसा_पिपळा: बायकोच्या नावावर ईएमआय घेतला तर? ती को-ॲप्लिकंट आहे.

वर्धारोड_४४: मग तिचाही रिपोर्ट निघेल, तिचेही हप्ते धरतील. रोख द्या.