मदत हवी आहे: संस्कृत शिकवताना रूपं आधी की वाक्यं आधी?

नमस्कार मंडळी. मी आठवीला संस्कृत शिकवते. मुलं ‘वनम् वने वनानि’ घडाघडा म्हणतात. पण परवा फळ्यावर ‘मृगः वने चरति’ लिहिलं, तर वर्गातल्या हुशार मुलीने अर्थ सांगितला, ‘हरीण दोन वनं चरतं’. तिचं तरी काय चुकलं? रूपावलीत ‘वने’ आधी प्रथमेच्या द्विवचनात (‘दोन वनं’) भेटतं; इथे हवी असलेली सप्तमी, म्हणजे ‘वनात’, पार खाली.

हीच मुलगी जर्मनच्या क्लासला जाते. विभक्ती तिथेही आहेत, चारच असल्या तरी, पण त्या वाक्यांतून, एकेक करून येतात. पहिल्या आठवड्यातच ती स्वतःबद्दल चार वाक्यं बोलायला लागली.

संस्कृत भारतीच्या संभाषण शिबिरांसारखं ‘मम नाम...’, ‘पुस्तकं कुत्र अस्ति?’ असं दोन आठवडे करून पाहिलं. वर्ग खुलला, मागच्या बाकावरचेही बोलले. सुभाषित समोर आलं की मात्र पुन्हा अडले, कारण संधी-समास अशा बोलण्यात फारसे येतच नाहीत. पाठांतर मला सोडायचं नाही, कान त्यानेच तयार होतो.

आठवड्याला मोजक्या तासिका असताना तुम्ही रूपं आणि बोलणं यांचा मेळ कसा घालता? संधी सोडवून लिहिलेले छोटे, सोपे उतारे कुणी तयार केले असतील तर कृपया द्या.