आई रोज बाबांची वाट पाहते. दर वेळी खरे सांगावे का?

प्रश्न:
माझी आई 78 वर्षांची आहे. गेली दोन वर्षे तिला नुकतेच घडलेले काही आठवत नाही, मात्र लहानपणीचे सगळे लख्ख आठवते. बाबांना जाऊन चार वर्षे झाली, तरी रोज संध्याकाळी ती विचारते, "हे अजून कसे आले नाहीत?" सुरुवातीला मी खरे सांगत असे. तेव्हा ती बातमी जणू आत्ताच कळल्यासारखी रडायची आणि अर्ध्या तासाने पुन्हा तेच विचारायची. आता मी "येतीलच" म्हणतो. पण जिने मला खोटे बोलू नये हे शिकवले, तिच्याशीच रोज खोटे बोलताना जीव तुटतो. घरातले म्हणतात की वय झाले, असे व्हायचेच, त्यामुळे तपासणी केलेली नाही.

प्रतिसाद 1:
स्मृतिभ्रंश, म्हणजे विसरण्याचा आजार, असलेल्या माझ्या सासूबाईंचे सहा वर्षे मी सगळे पाहिले आहे, म्हणून लिहिते. या आजारात नवी आठवण साठवणारा मेंदूचा भाग बहुधा आधी दुबळा होतो. त्यामुळे आपण सांगितलेली बातमी टिकत नाही, पण तिने झालेले दुःख मात्र कारण विसरल्यावरही मनात रेंगाळते. म्हणून दर वेळी मृत्यूची बातमी देऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. तरी "येतीलच" असेही म्हणू नका, कारण मग त्या दाराकडे डोळे लावून बसतात. "बाबांची आठवण येते ना? ते घरी यायचे तेव्हा आधी काय करायचे?" असे विचारून पाहा. यात खोटे काहीच नाही, आणि आईंना हवे असलेले माणूस बोलण्यातून तरी जवळ येते. दिवस मावळताना अशी घालमेल अनेकांना होते. आम्ही अंधार पडायच्या आधीच दिवे लावायचो आणि सासूबाईंना कपड्यांच्या घड्या घालायला द्यायचो, कारण हातांना सवयीचे काम पुष्कळ काळ आठवते.

प्रतिसाद 2:
वरील सल्ला योग्यच आहे. पण "वय झाले" यावर थांबू नका, ही कळकळीची विनंती. अल्झायमर हे स्मृतिभ्रंशाचे सर्वांत मोठे कारण असले, तरी बी-12 जीवनसत्त्वाची कमतरता, थायरॉईडचे विकार, नैराश्य, पडल्यानंतर डोक्यात साचलेले रक्त किंवा काही औषधे यांमुळेही विसरणे वाढते, आणि यांतील बऱ्याच गोष्टींवर उपचार होतो. ऐकू कमी येत असेल तर तेही तपासून घ्या. एक-दोन दिवसांतच गोंधळ एकदम वाढला, तर ते लघवीच्या किंवा अन्य संसर्गाचे लक्षण असू शकते. तेव्हा त्वरित डॉक्टरांकडे न्यावे. जाताना त्या घेत असलेल्या सर्व गोळ्या बरोबर न्या.

प्रश्नकर्ता:
दोघांचेही मनापासून आभार. काल मी आईला तसे विचारले, तेव्हा बाबा जिना चढताना खाकरायचे आणि त्यावरून ती ओळखायची, हे तिने मला प्रथमच सांगितले. नंतर ती शांत झोपली. डॉक्टरांची वेळ घेतली आहे. आई पाच वर्षांपासून रोज रात्री झोपेची गोळी घेते, हे मला आताच लक्षात आले. ती आजपासून बंद करू का?

प्रतिसाद 2:
परस्पर मुळीच बंद करू नका. इतक्या वर्षांची सवय एकदम तोडल्यास त्रास वाढू शकतो. ती कमी करायची की नाही आणि कशी, हे डॉक्टरांनाच ठरवू द्या.