एकाच घरात दोन टीव्ही, मॅच मात्र मागेपुढे का?

अमळनेरहून:
ओसरीत आबांचा टीव्ही फ्री डिशवर, मधल्या खोलीत आमचा एचडी सेट-टॉप बॉक्स. भारताची मॅच असली की आतून पोरं ओरडतात, "आउट व्हयना!" आणि ओसरीत बॉलर अजून धावतच असतो. माडीवर भाचा मोबाइलवर बघतो, तो तर आणखी मागे. आबा वैतागून टीव्ही बंद करतात. डिशची दिशा चुकली असेल का? की उपग्रह लांब म्हणून?

जुना केबलवाला, भुसावळ:
भाऊ, डिशला हात लावू नका. दिशा चुकली असती तर चित्राचे चौकोन पडले असते, उशीर झाला नसता. उपग्रह सुमारे ३६ हजार किलोमीटरवर. सिग्नल वर जाऊन खाली यायला पाव सेकंद लागतो, आणि तो दोन्ही डिशना जवळपास सारखाच.

वेळ खातं ते चित्र दाबणं, म्हणजे पाठवायला हलकं जावं म्हणून त्यातली माहिती कमी करणं. अ‍ॅनालॉगच्या काळात माझ्या एका वायरीवर अख्खी गल्ली एकदमच ओरडायची. डिजिटलमध्ये एक चित्र पूर्ण पाठवतात, पुढच्या चित्रांत फक्त काय बदललं तेवढंच. तो बदल काढायला यंत्र पुढची काही चित्रं अडवून धरतं. तुमचा बॉक्सही उलगडण्याआधी थोडा साठा करतो. एसडी (साधं चित्र) आणि एचडी (जास्त स्पष्ट चित्र) वेगवेगळे दाबलेले असतात, म्हणून एकाच कंपनीच्या दोन बॉक्सवरही फरक दिसतो.

आबांकडे तर एक टप्पा जास्तीचा आहे. २००७च्या कायद्यानं राष्ट्रीय महत्त्वाच्या सामन्यांचं प्रक्षेपण मूळ वाहिनीला दूरदर्शन चालवणाऱ्या प्रसार भारतीलाही द्यावं लागतं. ते आधी दूरदर्शनकडे जातं, तिथं परत दाबलं जातं, मग फ्री डिशवर चढतं. त्या कायद्यामुळेच ज्यांना महिन्याचं पॅक परवडत नाही त्यांच्याही घरी मॅच पोहोचते, हे मला फार मोलाचं वाटतं.

मोबाइलवर मॅच काही-काही सेकंदांच्या तुकड्यांनी येते. दोन-तीन तुकडे हाताशी असल्याशिवाय अ‍ॅप दाखवायला घेत नाही. त्याला घरी इलाज नाही.

धुळ्याहून:
टीव्हीसुद्धा चित्र गुळगुळीत करताना थोडा वेळ घेतो. एकाच बॉक्सवर दोन टीव्ही लावून आवाज घुमत असेल तर दोन्हीकडे टीव्हीच्या सेटिंगमधला गेम मोड लावून बघा, त्यात हे गुळगुळीत करणं कमी होतं.

अमळनेरहून:
मग आबांसाठी काय करू? मधल्या खोलीपासून ओसरी बरीच लांब आहे.

जुना केबलवाला, भुसावळ:
एचडी बॉक्सला एचडीएमआय स्प्लिटर लावा, एक वायर मधल्या टीव्हीला, दुसरी ओसरीत. लांब पडत असेल तर कॅट-६ वायरीवरचा (इंटरनेटची असते तशी वायर) एक्स्टेंडर घ्या, लांब एचडीएमआय वायर दगा देते. दोन्हीकडे चॅनल एकच लागेल आणि तो बदलायला आत यावं लागेल, हे आबांना आधीच सांगून ठेवा. फ्री डिशचा बॉक्स काढू नका, टीव्हीच्या दुसऱ्या पोर्टवर राहू द्या. मॅच संपली की रिमोटवर सोर्स बदलला, आबांचे चॅनल परत सुरू.