चिपळूण ते लोटे रोज, उंची 5 फूट 2 इंच: स्कूटर सोडून कोणती मोटरसायकल घेऊ?

घाटवाली:

नमस्कार. राहते चिपळूणला, नोकरी लोटे एमआयडीसीत एका कंपनीच्या लॅबमध्ये. जाऊन-येऊन 40 किलोमीटर, महिन्याचे 26 दिवस. कंपनीची बस आहे, पण एखादं सॅम्पल अडकलं की बस निघून जाते आणि मी हायवेला हात दाखवत उभी. त्यामुळे स्वतःची गाडी लागतेच.

आठ वर्षं 110 सीसीची स्कूटर चालवली. मनापासून आवडते. डिकीत रेनकोट, डबा, येताना मच्छीची पिशवी, सगळं मावतं. पण गेल्या जुलैत सेकंड शिफ्ट करून रात्री परशुराम घाट उतरत होते. पुढे ट्रक, समोरून येणाऱ्याचा अप्पर लाइट डोळ्यांत, खड्डा पाण्याने भरलेला. पुढचं चाक निघालं, मागचं 10 इंची चाक त्यात बसलं आणि मी आडवी. डावा हात सहा आठवडे प्लास्टरमध्ये. आई म्हणते नोकरी सोड, मी म्हणते गाडी बदलू.

मोटरसायकल मला नवी नाही. बाबांची हिरो होंडा सीडी 100 होती. दहावीच्या सुट्टीत गुहागरकडच्या गावी ती शिकले. बाबा मागे बसून "क्लच सोड, क्लच सोड" ओरडायचे आणि मी सोडला की "एवढा नको" ओरडायचे.

तर माझी परिस्थिती अशी. उंची 5 फूट 2 इंच, वजन 54 किलो. घर उतारावर, गेटमधून गाडी मागे ढकलत वर घ्यावी लागते, ती रोज मीच घेणार. महिन्यातून आठ-दहा दिवस सेकंड शिफ्ट, म्हणजे परतीचा घाट रात्री. रविवारी मागे धाकटी बहीण. बजेट ऑन-रोड एक लाख, ताणून एक लाख पाच हजार. स्पीडची हौस नाही.

एका शोरूममध्ये गेले तर पहिला प्रश्न, "मॅडम, गाडी मिस्टर चालवणार ना?" मी म्हटलं, मिस्टरांना सायकलसुद्धा नीट येत नाही. तो हसला आणि मला स्कूटरच्या रांगेकडे घेऊन गेला. म्हणून इथे विचारतेय.

पुणेरी_रायडर:

घाट आहे, हायवे आहे, मग रॉयल एनफिल्डची क्लासिक 350 घ्या. गाडी रस्त्याला चिकटून चालते. नाहीतर सरळ इलेक्ट्रिक स्कूटर, पेट्रोलची कटकटच नाही.

घाटवाली:

क्लासिक 350 चं वजन 195 किलो, माझं 54. गेटच्या उतारावर ती मला ढकलेल. आणि इलेक्ट्रिक झाली तरी चाकं छोटीच. माझी मारामारी पेट्रोलशी नाही हो, खड्ड्याशी आहे.

लोटे_जनरल_शिफ्ट:

मी सावर्डेहून येतो, म्हणजे तुमच्यापेक्षा लांबून. स्प्लेंडर, सहावं वर्ष. अ‍ॅव्हरेज 65 च्या खाली कधी आलं नाही. चिपळूण-खेड पट्ट्यात पार्ट मिळत नाही असं गॅरेज दाखवा. दुसरा विचारच करू नका. 112 किलो वजन, सीट 785 मिलिमीटर, तुमचे पाय टेकतील.

घाटात डबलसीट असलो तर तिसऱ्यावर घ्यावी लागते, मागचे ट्रकवाले हॉर्न मारतात. मारू देत.

खेडचा_गॅरेजवाला:

ताई, 27 वर्षं पाने हातात आहेत, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी लायसन्स काढून बघा. त्यावर "विना गिअर" असेल तर मोटरसायकल चालवता येणार नाही, गिअरच्या गाडीसाठी वेगळी टेस्ट द्यावी लागते. आठ-दहा वर्षं स्कूटर चालवणाऱ्या बऱ्याच जणी इथेच अडकतात. उद्या काही झालं तर इन्शुरन्सवाला सर्वांत आधी तेच बघणार.

आता चाक. तुम्ही पडलात त्यात तुमची चूक किती आणि चाकाची किती हे मी इथे बसून सांगणार नाही. पण 10 इंची चाक ज्या खड्ड्यात उतरतं, तो 18 इंची चाक पुष्कळ वेळा वरच्या वर ओलांडतं. स्प्लेंडर, होंडाची शाइन 125 यांना दोन्हीकडे 18 इंची आहेत, टीव्हीएसच्या रेडरला 17. कोकणात एवढ्यावरूनच निम्मं ठरतं.

दुसरं म्हणजे उतार. स्कूटरला उतारावर इंजिनाचा रोध कमी मिळतो, वेग कमी झाला की क्लच सुटतो आणि सगळा भार ब्रेकवर. परशुरामहून खाली वाशिष्ठीपर्यंत येताना ब्रेक दाबूनच ठेवला तर ड्रम तापतो आणि धरत नाही. मोटरसायकल तिसऱ्यावर टाका, वळण अवघड असेल तर दुसऱ्यावर, इंजिनच गाडी रोखून धरतं. ब्रेक फक्त चवीपुरता. न्यूट्रल करून पेट्रोल वाचवणारे महाभाग माझ्याकडे बरेच येतात, कोणी लायनर बदलायला, कोणी लेगगार्ड सरळ करायला.

ब्रेकचं म्हणाल तर पुढे डिस्क घ्या. ड्रममध्ये पाणी गेलं की पहिले दोन-तीन ब्रेक हवेतच जातात. साचलेल्या पाण्यातून निघालात की थोडं अंतर ब्रेक हलका धरून गाडी चालवायची, लायनर सुकतात. ही सवय स्कूटरवरही लावून घ्या. 125 सीसीपर्यंतच्या गाड्यांना एप्रिल 2019 पासून निदान सीबीएस सक्तीचं आहे, म्हणजे पायातला ब्रेक दाबला की थोडा पुढचाही लागतो. ओल्या रस्त्यावर त्याचा आधार आहे, पण चाक लॉक होऊन घसरणं त्याने थांबत नाही, ते काम एबीएसचं. 125 मध्ये ते हवं असेल तर हिरो एक्स्ट्रीम 125 आर आहे, पुढच्या चाकाला एबीएस. फक्त ती 136 किलोची आहे, सीट 794. तुमच्या गेटचा विचार करून बघा.

स्प्लेंडरबद्दल वरच्या भाऊंशी माझं भांडण नाही, माझी स्वतःचीही तीच. पण साध्या स्प्लेंडरला पुढे-मागे ड्रम आणि चार गिअर. एकट्याला पुरते. बहीण मागे बसली, पाऊस लागला, पुढे सिमेंटचा टँकर असला की 125 चा फरक कळतो. तेव्हा शाइन नाहीतर होंडाचीच एसपी 125.

चेन झाकलेली गाडी बघा. लाल चिखल उघड्या चेनवर बसला की चेन-सॉकेट एका पावसाळ्यात संपतं. फुल चेनकव्हर म्हाताऱ्यासारखं दिसतं म्हणून पोरं कापून टाकतात आणि पुढच्या वर्षी पैसे मोजतात.

सेकंड हँड घ्यायची वेळ आली तर एवढंच बघा, गाडी 2021 च्या आधीची चिपळूणची आहे का. त्या वर्षीच्या 22 जुलैच्या पुरात हजारो गाड्या बुडाल्या होत्या. धुऊन-पुसून, रंग मारून त्यातल्या अजून फिरतायत. सीट काढून वायरिंगचे कपलर उघडा, आत हिरवट गंज धरलेला असेल तर नमस्कार करून निघायचं.

लोटे_जनरल_शिफ्ट:

टँकरचं मान्य. बाकी स्प्लेंडर ती स्प्लेंडर.

घाटवाली:

दादा, फार आभार. लायसन्सचं मला सुचलंच नसतं. लगेच कपाट उपसलं. बाबांच्या कृपेने टेस्ट सीडी 100 वर दिली होती, गिअरचंच आहे. बाबा असते तर आज चार जणांना फोन करून सांगितलं असतं.

लाइट आणि सामान या दोन गोष्टी राहिल्या. श्रावणापर्यंत परशुरामला धुकं असं असतं की देवळाचा फाटा कधी गेला कळत नाही. एलईडी घ्यावा की साधा? आणि डिकी गेली तर रेनकोट कुठे ठेवू?

खेडचा_गॅरेजवाला:

एलईडीचा उजेड पांढरा, लांब जातो, कोरड्या रस्त्यावर झकास. धुक्यात आणि ओल्या डांबरावर मला स्वतःला पिवळा बल्ब बरा वाटतो. शाइनला हॅलोजन आहे, एसपीला एलईडी. कोणताही घ्या, लेव्हल सेट करून घ्या. शोरूममधून निघालेल्या निम्म्या गाड्यांचा लाइट झाडावरची माकडं शोधत असतो.

सामानाला मागे कॅरिअर आणि बॉक्स. रेडरला सीटखाली थोडी जागा आहे, पण त्यात कागदपत्रं मावतील, रेनकोट नाही.

बँकेतला_बापू:

पैशांचं मी सांगतो. 22 सप्टेंबर 2025 पासून 350 सीसीपर्यंतच्या दुचाकींवरचा जीएसटी 28 चा 18 टक्के झालाय, त्यामुळे भावाने-मेव्हण्याने सांगितलेले जुने आकडे डोक्यातून काढा. ऑन-रोड किंमत फोड करून कागदावर मागा. पाच वर्षांचा थर्ड पार्टी विमा सक्तीचा, तो असणारच. बाकी "हँडलिंग", "ॲक्सेसरीज पॅकेज", "टेफ्लॉन कोटिंग" यावर बोट ठेवून विचारा, हे नको म्हटलं तर किती?

अ‍ॅव्हरेजला फार भुलू नका. तुमचं महिन्याला 1040 किलोमीटर. स्कूटर 45 देत असेल तर 23 लिटर, मोटरसायकलने 60 दिले तर सव्वासतराच्या आसपास. वाचले पावणेसहा लिटर, म्हणजे सहाशे रुपयांच्या आसपास. 60 आणि 65 मधला फरक तर दीड लिटरसुद्धा नाही.

घाटवाली:

तीन आठवड्यांनी लिहितेय, उशिराबद्दल माफ करा, ऑडिट होतं.

चार गाड्या बघितल्या. सेल्समनला म्हटलं, चालवून बघायच्या आधी मला ही उतारावर मागे ढकलून बघायचीय. शोरूमच्या बाजूला गोडाउनचा रॅम्प होता. तो म्हणाला असं कोणी करत नाही. मी म्हटलं, मी रोज करणार आहे.

एक्स्ट्रीम 125 आर सगळ्यात जास्त मनात भरली, एबीएसमुळे. रॅम्पवर निम्म्यात थांबली आणि माझ्याच अंगावर यायला लागली, सेल्समनने धरली. इच्छा होती, ताकद नव्हती. रेडरची सीट कागदावर 780, म्हणजे सगळ्यांत बुटकी, आणि पाय खरंच छान टेकले. चालवायला मजेदार. 123 किलो रॅम्पवर चढले, पण दुसऱ्यांदा मला दम लागला. सेकंड शिफ्ट करून रात्री पावणेबाराला हे करायचंय, हे डोक्यात होतं. स्प्लेंडर हातात अगदी खेळण्यासारखी. चारही गिअर पुढेच दाबायचे, बाबांच्या गाडीची आठवण आली आणि तिथेच डोळ्यांत पाणी आलं. पुढे ड्रम म्हणून सोडली. (लोटे_जनरल_शिफ्ट, रागावू नका.)

शाइनची सीट 791. आकडा वाचून आधी यादीतूनच काढली होती. बसल्यावर कळलं की पुढे सीट अरुंद आहे, मांड्या फाकत नाहीत, त्यामुळे पाय सरळ खाली जातात. दोन्ही चवडे टेकतात, एक पाय टेकवला तर अख्खा. रॅम्पवर दोनदा नेली, दोन्ही वेळा गेली.

घाटात टेस्ट राइड द्यायला शोरूमवाले तयार नव्हते, सपाट रस्त्यावर पेट्रोल पंपापर्यंत आणि परत. मग स्टोअरमधल्या एका सहकाऱ्याची शाइन मागितली, तीन वर्षं जुनी, डिस्कवाली. शनिवारी तो माझ्या स्कूटरवर मागून, मी त्याच्या शाइनवर पुढे. घाट चढताना चौथ्यावर रेटून बघितलं, वळणाला तिसरा लागला, बास. उतरताना दादांनी सांगितलं तसं तिसऱ्यावर सोडली आणि ब्रेकवरची बोटं मोकळी ठेवली. इतकी वर्षं तो उतार मी दोन्ही मुठी आवळून उतरत आले होते. खाली बहादूरशेख नाक्याला थांबले तर हात दुखत नव्हता. प्लास्टर काढल्यापासून तो रोज संध्याकाळी दुखायचा.

पडले तो खड्डा बुजवलाय. शेजारी नवीन पडलाय.

शाइन डिस्क बुक केली, काळी. पॅकेजमधल्या तीन ओळी बापूंच्या सांगण्यावरून खोडल्या, एक लाखाच्या थोडी वर बसली. स्कूटर ठेवतेय, बाजारासाठी. आईला सांगितलं तर म्हणाली, "डबा कुठे ठेवणार?" म्हणजे परवानगी मिळाली असं मी धरलंय.

शेवटचं एक. मी पँट-शर्टमध्येच जाते. मागच्या चाकाची साडीची जाळी काढून टाकू का? बॉक्स लावायला आड येते असं शोरूमवाला म्हणाला.

खेडचा_गॅरेजवाला:

काढू नका. कायद्यानेही ती लागते. रविवारी बहीण मागे बसणार म्हणालात, ती ओढणी घेत असेल. बॉक्स त्या जाळीला आड येत नाही, त्याला ब्रॅकेट वाकवायचा कंटाळा आलाय. गाडी घेऊन या, मी लावून देतो. पहिली सर्व्हिस तुमची महिन्याभरातच येईल, तोवर घाटात इंजिन फार ताणू नका.

घाटवाली:

येते. डिलिव्हरी गुरुवारी.

लोटे_जनरल_शिफ्ट:

काळ्यावर लाल चिखल फार दिसतो हां.